वावेचा दोर

वडूज,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. अक्षता,

वडूजहून तुझ्या सुभेदार तात्याचा रिपोर्ट. घरी सगळं ठीक, विहिरीला पाणी भरपूर, तुझ्या आईचे गुडघे पूर्वीसारखेच कुरकुरतात. फोन का करत नाही ते तुला माहीत आहे. तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली आणि कान तिथेच ठेवून आलो. स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही आणि स्पीकर लावला की शेजारची रंगूबाईसुद्धा मधेच सल्ला देते. त्यापेक्षा पत्र बरं.

खबर मोठी आहे. दसऱ्याला आपल्या शिवतेजची, तुझ्या धाकट्या भावाची, वाव मोजली. तुम्हा मुलींना त्या वेळी चुलीपाशी बोलावलेलं असायचं, म्हणून नीट सांगतो. सोनं लुटून झालं की भरतीच्या वयाचा पोरगा भिंतीला पाठ लावून दोन्ही हात फाकवून उभा राहतो. तुझे पणजोबा कोंडीबा यांच्या मोटेचा जुना दोर आपण एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत ताणतो. ही पसरलेल्या हातांची लांबी म्हणजे वाव. ती जिथे संपेल तिथे रंगीत दोरा बांधायचा. दोराला गाठ मारायची नाही, मारली तर दोर आखडतो आणि पुढच्याचं माप चुकतं. पिढीत ज्याची वाव लांब तो फौजेत जाणार, बाकीच्यांनी दुसरं काही बघायचं. माझ्या वीरधवलची आखूड भरली, तो साताऱ्याच्या एमआयडीसीत लागला.

शिवतेजची वाव तुझ्या बाबांच्याही पुढे दोन बोटं गेली. इतकी लांब आजवर कुणाची भरली नव्हती. माझा धाकटा भाऊ गेला त्याला पंधरा वर्षं झाली, पण दोरा बांधताना वाटलं सयाजीच समोर हात पसरून उभा आहे. डोळ्यांत पाणी आलं, कापराचा धूर म्हणून निभावून नेलं.

डिसेंबरात भरती आहे. पोरगा रोज मैदानावर पळतो, मी घड्याळ धरतो. तालमीजवळचा जिमवाला त्याला प्रोटीनचा डबा घ्या म्हणतो. तू सांगलीच्या कॉलेजात प्रोटीनची डॉक्टर. कुठला डबा चांगला ते उलट टपाली कळव.

तुझा,
तात्या

*

सांगली,
१९ ऑक्टोबर २०२४

ती. तात्या,

नमस्कार. सहा वर्षं अभ्यास केला, प्रबंध लिहिला, आणि घरच्यांनी पहिल्यांदा काय विचारलं, तर डबा कुठला घेऊ! कुठलाच घेऊ नका. मटकी, अंडी आणि आईच्या हातची भाकरी यांत सगळं आलं.

माझं प्रोटीन म्हणजे एक माळ, तात्या. वीस प्रकारचे मणी, कधी शंभर तर कधी तीन हजार, एकामागे एक ओवलेले. माळ तयार होता होता तिचे लहान लहान भाग आपापले गुंडाळले जातात आणि दर वेळी हुबेहूब त्याच आकारात बसतात. कोणी हात लावत नाही. अशा एकेका भागाला आम्ही डोमेन म्हणतो. प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. एक कॅल्शियम पकडतं, एक शेजारच्या पेशीचा निरोप घेतं, एक रक्त गोठवायच्या कामात हातभार लावतं. आणि निसर्गाची काटकसर आपल्या आजीसारखी आहे. चांगलं जमलेलं डोमेन तो टाकत नाही, दुसऱ्या प्रोटीनात नेऊन बसवतो. मी ज्यावर काम केलं ते जेमतेम चाळीस मण्यांचं आहे. ते तुमच्या रक्तात आहे, गोठ्यातल्या म्हशीत आहे आणि गुळावर बसणाऱ्या माशीतही आहे. ते सगळे आकार पडद्यावर पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मी खुर्चीतून नकळत उठून उभी राहिले. देवळात आरती सुरू झाली की उठतो तशी.

असो. दोराबद्दल जरा सविस्तर लिहाल का? कुणाचा दोरा कुठे आहे, आणि तो माणूस किती वर्षांचा होऊन गेला? आणि शिवतेजला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला सांगा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या बाहेर येतं का? सहज विचारते आहे.

बाबा गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. नेमकं काय झालं ते तुम्ही पुन्हा एकदा सांगाल का?

दिवाळीला येतेच आहे. नवा ब्लाउज शिवायला टाकलाय, पण इथला शिंपीही साताऱ्याच्या शिंप्यासारखाच कुरकुरतो. म्हणतो, मॅडम, तुमच्या बाह्यांना कापड पुरतच नाही.

तुमची,
अक्षता

*

वडूज,
२५ ऑक्टोबर २०२४

चि. अक्षता,

मुठीची गंमत झाली. मैदानावर सगळ्या पोरांना मूठ मिटायला लावली. बाकी कुणाचा अंगठा दिसेना, आपल्याचा नखासकट बाहेर. पोरं हसली. मी म्हटलं, हसता काय, ही आमच्या घराण्याची मूठ आहे, सयाजीपण अशीच मिटायचा.

आता दोराचं. एका टोकाला लोखंडी कडी आहे, तिच्यापासून मोजत गेलं तर पहिला पांढरा दोरा माझा. मग वीरधवलचा, मग माझे चुलते आप्पासाहेब यांचा. आप्पासाहेबांनी जन्मभर शेती केली, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन गेले. त्यापुढे वीतभर दोर मोकळा आहे. तिथे कुणाचाच दोरा नाही. मग एकदम पणजोबा कोंडीबा. ते मोठ्या लढाईवरून परत येताना बोटीवर गेले, वय एकेचाळीस. मग माझे वडील ज्ञानू, ड्युटीवर गेले, त्रेचाळीस. मग सयाजी, अडतीस. शेवटचा शिवतेज.

आपल्या घरात फौजेनं लवकर माणसं नेली हे खरं आहे. पण ज्याची वाव लांब त्यानं देशासाठी जायचं आणि आखूड वावेच्यानं म्हातारं होऊन मागच्यांना सांभाळायचं, अशी ती वाटणी आहे. वडिलांनी मला सांगितलं होतं, तू शेती बघ. ते गेल्यावर मी रागानं पळून जाऊन भरती झालो. दोरानं नको म्हटलेला फौजी आपल्या घरात मी एकटाच.

सयाजी गस्तीवर असताना गेला. वरच्या पोस्टला थंडी असते, दम लागतो. मी स्वतः त्याला घेऊन आलो. ग्रामपंचायतीपुढच्या फलकावर त्याचं नाव आहे, सव्वीस जानेवारीला शाळेची पोरं तिथे सलामी देतात. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही आणि तूही खोदू नकोस.

तुझा,
तात्या

*

सांगली,
५ नोव्हेंबर २०२४

ती. तात्या,

दिवाळीत चार दिवस घरी होते आणि तुम्ही चारही दिवस मळ्यात. मी बोलायला आले की तुम्हाला मोटार बघायची असायची. म्हणून पुन्हा पत्र. हे शांतपणे वाचा, आणि शिवतेजच्या आधी वाचा.

भाऊबीजेला ओवाळताना मी त्याच्या छातीकडे बघत होते. मधलं हाड आत बसलंय. लांब वाव, तशी मूठ, आणि आता ही छाती. तुमचं पत्र तर मी वीस वेळा वाचलंय.

आपल्या शरीरात फिब्रिलिन नावाचं प्रोटीन आहे. अठ्ठावीसशे एकाहत्तर मण्यांची माळ. तिच्यात मी सांगितलं ते छोटं डोमेन एकदा नाही, सत्तेचाळीस वेळा येतं. प्रत्येकाला आतून गंधकाचे तीन टाके असतात, त्यांनी ते घट्ट मिटलेलं राहतं. या माळा एकमेकींना जोडून धागे होतात. डोळ्यातलं भिंग याच धाग्यांवर टांगलेलं असतं. हाडांना किती वाढायचं याला लगाम घालायला हेच धागे मदत करतात. आणि हृदयातून निघणारी मोठी धमनी प्रत्येक ठोक्याला फुगून परत जागेवर येते, तिथेही हेच असतात. डोळा, हात आणि काळीज एकाच धाग्यावर आहेत, तात्या. मी हे वर्गात दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी माझ्या अंगावर काटा येतो.

त्या सत्तेचाळिसांतल्या एका डोमेनचा एक टाका सुटला तरी माळ दुबळी होते. हाडं लांब वाढतात. धमनीचं मूळ वर्षानुवर्षं सैल होत जातं आणि एखाद्या दिवशी, धावताना किंवा उडी मारताना, फाटतं. याला मार्फन म्हणतात. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. असतं त्याला असतं, नसतं त्याला नसतं. म्हणून तुमच्या दोरावर मधे मोकळी जागा आहे.

फौजेनं आपली माणसं नेली नाहीत. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून तुम्ही धडधाकट आहात, कारण तुमची वाव आखूड आहे. दोर ज्याला निवडतो तोच आजारी असतो.

शिवतेजचं पळणं आजच थांबवा आणि त्याला इकडे आणा. मिरजेला हृदयाची सोनोग्राफी करू. आणि बाबांचं खरं काय ते मला सांगा.

अक्षता

*

वडूज,
११ नोव्हेंबर २०२४

अक्षता,

पत्र मिळालं. तुझ्या पडद्यावरच्या माळेसाठी पोराच्या अंगावर चढायची वर्दी उतरवू नकोस. पाच मिनिटं दहा सेकंदांत सोळाशे मीटर मारणारा गडी आजारी नसतो. त्या दोरावर तीन पिढ्यांचा अभिमान बांधलेला आहे. तू त्याला रोग म्हणालीस, ते मला सहन झालं नाही.

भरती दहा डिसेंबरला आहे. तोवर पत्र नको.

उदयसिंह

*

वडूज,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षू,

तुझी दोन पत्रं आली. उघडली नव्हती, आज उघडली. आधी मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

परवा सकाळी पळणं झाल्यावर पोरांनी जाळी बांधली आणि व्हॉलीबॉल काढला. शिवतेज जाळीपाशी उडाला. दोन्ही हात वर, तोंडभर हसू. मी शिट्टी फुंकली. का फुंकली ते कुणाला कळेना. शिवतेज पळत आला आणि म्हणाला, "काय झालं वं तात्या, फाऊल न्हवता की."  मी खाली मातीत बसलो.

सयाजी गस्तीवर गेला नव्हता, पोरी. युनिटच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळताना गेला. जाळीपाशी उडाला, खाली आला आणि छातीला हात लावून आडवा झाला. त्याच्या साहेबांनी मला सगळं खरं सांगितलं होतं. कागदावरही तसंच आहे, तो कागद माझ्या ट्रंकेत आहे. पण गाडी गावच्या शिवेवर आली तेव्हा माणसं हार घेऊन उभी होती. तुझी आई उंबऱ्यात होती. खेळता खेळता मेला हे मला सांगवेना. गस्तीवर म्हणालो, आणि मग पंधरा वर्षं तेच म्हणत राहिलो. तुझं पत्र वाचून राग आला तो तुझा नव्हता. तुझं खरं ठरलं तर माझं खोटं बाहेर येणार होतं, आणि त्यासाठी मी पोराला पळवत होतो. हे लिहिताना माझी मला लाज वाटते.

काल तुझ्या आईला सगळं सांगितलं. बनुबाई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "आवं तात्या, मला ठाव हाय. प्येटीत गस्तीच्या बुटाला पालिश हुतं. लाल माती हुती ती खेळायच्या बुटाला. तुमाला तेवढाच आधार हुता, म्हून मी गप ऱ्हायले."

मग तुझं पाच तारखेचं पत्र पुन्हा वाचलं. तू ठोक्याबद्दल लिहिलंस. गोळा सुटला की तोफेची नळी मागे येते आणि तिला परत जागेवर आणणारी यंत्रणा असते, तिला आम्ही रिकॉइल म्हणायचो. दिवसात साठ-सत्तर गोळे झाले की ती तपासल्याशिवाय पुढचा गोळा भरायचा नाही, असा नियम. आज डॉक्टरांना विचारलं, काळीज दिवसात किती ठोके मारतं. म्हणाले, लाखभर. लाखभर गोळे, रोज, जन्मभर, आणि एकदाही न थांबता. तुझी ती चाळीस मण्यांची चीज एवढं काम करते. मी दवाखान्याच्या बाकावर बराच वेळ माझ्याच छातीवर हात ठेवून बसलो होतो.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं शिवतेजला घेऊन येतो. त्याला वाटतंय भरतीआधीची तपासणी आहे. पुढचं तू सांग. मला जमायचं नाही.

तात्या

*

सांगली,
३ जानेवारी २०२५

ती. तात्या,

जनुकाचा रिपोर्ट आज आला. मला जे वाटलं होतं तेच आहे. सत्तेचाळिसांपैकी एका डोमेनमध्ये, टाक्यासाठी लागणाऱ्या सहा मण्यांतला एक मणी बदललाय. माळेच्या कृतीत साडेआठ हजारांवर अक्षरं असतात, त्यातलं एक वेगळं. कोंडीबा पणजोबांपासून ते एक अक्षर न चुकता उतरत आलंय. बोटीवर, ड्युटीवर, जाळीपाशी, तेच एक.

सोनोग्राफीनंतर मिरजेला डॉक्टर तुमच्यासमोर बोललेच, पण तुम्हाला ऐकू आलं का शंका आहे, म्हणून लिहून ठेवते. धमनीचं मूळ चार पूर्णांक आठ सेंटिमीटर आहे. पाचाला शस्त्रक्रिया करतात, फाटायच्या आधी केली तर माणूस पुढे भरपूर जगतो. तोवर रोज गोळी, दर सहा महिन्यांनी माप, आणि पळणं, उड्या, वजनं कायमची बंद. भरतीपर्यंत तो असाच पळत राहिला असता तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

सांगलीला परत आल्यावर तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी त्याला माझ्या खोलीत नेलं आणि ते डोमेन पडद्यावर मोठं करून दाखवलं. तो रागावेल, रडेल असं वाटलं होतं. त्यानं ते बोटानं हळूहळू फिरवून चारही बाजूंनी पाहिलं. मग म्हणाला, "आक्का, एवढ्याशा टाक्यानं बाबाला न्हेलं व्हय?" मी हो म्हटलं. त्यानं ते पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाला, "बाकीचं शेहेचाळीस तर ठीक हायती की. लय इमानदार हायती."

तात्या, मी सहा वर्षं त्याच आकाराकडे पाहत आले, त्याच्यावर लिहिलं, भाषणं केली. बाकीच्या सेहेचाळिसांकडे असं कधी पाहिलं नव्हतं. एक सुटलेला असताना त्यांनी बाबांना अडतीस वर्षं तोलून धरलं. माझा जन्म त्यातच झाला.

तुम्ही स्वतःला बोल लावू नका. दोर खोटा नव्हता. तुम्ही सगळ्यांनी बरोबर मोजलं, फक्त उलटं वाचलं.

तुमची,
अक्षता

*

वडूज,
१२ जानेवारी २०२५

चि. अक्षू,

शिवतेजला आता घड्याळ दिलंय. पोरं पळतात, तो वेळ लावतो आणि ज्याची त्याची मूठ तपासतो. दुखतं त्याला, लपवतो. पण काल जेवताना म्हणाला, आक्काच्या लॅबमध्ये काम करायला काय शिकावं लागतं. तू उत्तर दे.

वीरधवलला फोन करून हृदय तपासून घ्यायला लावलं. ठीक निघालं. मग बसल्या बसल्या मी मनात सगळ्यांची हजेरी घेतली. फौजेतली सवय. कोंडीबा, आप्पासाहेब, ज्ञानू, मी, सयाजी, वीरधवल, शिवतेज. हजेरी पूर्ण झाली म्हणून मी उठणार होतो.

मग भाऊबीज आठवली. मी मळ्यात होतो असं तू लिहिलंस, पण ओवाळताना मी दारात उभा होतो. शिवतेज सहा फूट एक इंच. सगळ्या बहिणी त्याला म्हणतात, खाली वाक. तू त्याच्या कपाळाला टिळा लावलास तेव्हा तो वाकला नव्हता, आणि तू टाचा उचलल्या नव्हत्यास.

त्यानंतर तुझं पहिलं पत्र काढलं. शिंप्याला तुझ्या बाह्यांना कापड पुरत नाही.

पोरी, तू सगळ्यांना मोजलंस. मेलेल्यांनासुद्धा मोजलंस. तुला कुणी मोजलं? आम्ही तुम्हाला चुलीपाशी बोलावलं, आणि एवढी शिकूनसुद्धा तू तिथेच थांबलीस. सयाजीची दोन मुलं, निम्मी निम्मी शक्यता, हे तूच मला शिकवलंस.

सोबत एसटीच्या पार्सलनं दोर पाठवतो आहे. शंभर वर्षांत तो पहिल्यांदाच या घराबाहेर पडतोय. भिंतीला पाठ लाव, कुणालातरी धरायला सांग, आणि काय भरेल ते कळव. हिरव्या रंगाचा दोरा बरोबर आहे. तुझ्या आईनं तिच्या लुगड्याच्या काठातून काढून दिलाय.

पत्राची वाट बघत नाही. दवाखान्यातून आल्यावर फोन कर. स्पीकर लावीन. रंगूबाईला ऐकू दे.

तात्या

*

सांगली,
२ फेब्रुवारी २०२५

ती. तात्या,

फोनवर तुम्ही आणि आई दोघंही एकदम बोलत होता आणि मी नुसतीच रडत होते, म्हणून नीट लिहिते.

पार्सल स्टँडवरून आणलं आणि दोन दिवस उघडलं नाही. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. मग इथल्या मैत्रिणीला, संयोगिताला, दोर धरायला सांगितलं. प्रयोगशाळेच्या भिंतीला पाठ लावली आणि हात पसरले. दोराला अजून मोटेचा, पाण्याचा वास येतो, की मलाच तसं वाटलं.

माझी वाव माझ्या उंचीपेक्षा पाच बोटं जास्त भरली. हिरवा दोरा त्या मोकळ्या जागेत बसला, आप्पासाहेब आणि कोंडीबांच्या बरोबर मधे. ती जागा मोकळी होती कारण तिथे कधी कुणा मुलीला उभं केलं नव्हतं. आणि मी तुम्हाला त्या जागेवरून शहाणपण शिकवत होते.

मिरजेला गेले. धमनीचं मूळ चार सेंटिमीटर आहे. लवकर सापडलं, असं डॉक्टर तीनदा म्हणाले. शिवतेजची आणि माझी गोळी एकच आहे. सकाळी आठ वाजता आम्ही दोघं फोनवर एकमेकांना आठवण करतो आणि मग गिळतो. जनुकाचा रिपोर्टही आला. तेच डोमेन, तोच टाका.

तो मी पडद्यावर लावला. या वेळी ते माझं स्वतःचं होतं. वाटलं होतं, घाबरायला होईल. पण तात्या, सहा वर्षं मी ज्याच्यापुढे उठून उभी राहत होते ते माझ्याच छातीत बसून मोजत होतं, लाख, लाख, लाख. त्यात एक टाका बाबांनी दिलेला. त्यांचं माझ्याजवळ काहीच उरलं नाही असं मी तेराव्या वर्षापासून समजत आले होते.

दोर परत पाठवत नाही, दसऱ्याला स्वतः घेऊन येते. या वर्षी घरातल्या सगळ्या मुली भिंतीला लागून उभ्या राहतील, रंगूबाईच्या नातीसुद्धा हव्या तर. चुलीपाशी तुम्ही आणि वीरधवल थांबा. जिची वाव लांब भरेल तिला दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं माझ्याकडे पाठवायचं.

फलकावरचं बाबांचं नाव तसंच राहू द्या. ते ड्युटीवरच होते. सेहेचाळीस जण त्यांच्यासाठी शेवटच्या उडीपर्यंत उभे होते.

तुमची,
अक्षता